टोकेलाऊ : जिथे कुणाचा वाटा चुकत नाही

मैत्रिणींनो, महिन्याची पहिली तारीख आली की आपल्या प्रत्येकीच्या घरात एक छोटंसं अर्थमंत्रालय भरतं. दूधवाला, वाणी, मुलांची फी, विजेचं बिल, सासूबाईंची औषधं, आणि हमखास कुणाच्या तरी लग्नाचा आहेर! एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि दोन्हींची तोंडमिळवणी करता करता जीव नुसता मेटाकुटीला येतो. वर पुन्हा घरातली मंडळी हसून म्हणतात, "देशाचा कारभार म्हणजे काही घरखर्च नव्हे!"

आज मी तुम्हांला अशा एका मुलखात नेणार आहे, की जिथला कारभार म्हणजे जवळजवळ घरखर्चच आहे. मिळवणारे हात थोडे, मिळणारं त्याहून थोडं, आणि सगळा भर आहे तो वाटणीवर. त्या वाटणीच्या रीतीत बायकांचा हात कुठे आहे, आणि हातात रोख पैसा आल्यावर त्या रीतीचं काय होत आहे, हे पाहण्यासारखं आहे. चला तर.

मुलखाचं नाव टोकेलाऊ. तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ उत्तरेकडचा वारा. प्रशांत महासागराच्या नकाशावर सामोआ शोधा, आणि तिथून बोट उत्तरेकडे सुमारे ५०० किलोमीटर सरकवा. नकाशा मोठा असेल तर तीन टिंबं दिसतील: अटाफू, नुकुनोनु आणि फाकाओफो. ही तीन कंकणद्वीपं म्हणजे टोकेलाऊ. कंकणद्वीप म्हणजे काय, हे नावातच आलं. समुद्रात टाकलेली बांगडी जणू. बांगडीच्या काठाने प्रवाळाच्या खडकावर वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्या, आणि मध्ये खाऱ्या पाण्याचं शांत, हिरवंनिळं तळं. तिन्ही बेटांची जमीन एकत्र केली तरी १०-१२ चौरस किलोमीटरच भरते. वस्ती दीड हजाराच्या आसपास. आपल्या मुंबईच्या एका भरलेल्या लोकलगाडीत याहून जास्त माणसं असतात!

१९२६ सालापासून या बेटांचा कारभार न्यूझीलंडकडे आहे, आणि इथली माणसं न्यूझीलंडचे नागरिक आहेत. चलनही न्यूझीलंडचाच डॉलर. पण गावात खरा शब्द चालतो तो 'ताउपुलेगा'चा, म्हणजे गावातल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीचा.

वाट समुद्राची

विमानाने जाऊ, असं मनात आणलं असेल तर ते सोडून द्या. टोकेलाऊला विमानतळ नाही. आधी सामोआची राजधानी अपिया गाठायची, तिथल्या टोकेलाऊच्या कचेरीत अर्ज करायचा, आणि बेटावरच्या पंचायतीने 'या' म्हटलं तरच बोटीचं तिकीट मिळायचं. पाहुण्याने आधी कळवून यावं, हे आपल्याही घरात बरंच असतं. इथे तर ते अगदी आवश्यक. कारण पाहुणा म्हणजे पाण्याला आणि जेवणाला एक माणूस जास्त.

बोट सुटली की कमीत कमी एक दिवस आणि एक रात्र समुद्रावर. वारा उलटा असेल तर त्याहून जास्त. २०१६ साली 'मातालिकी' नावाची नवी बोट या मार्गावर आली. गंमत म्हणजे ती बांधलेली आहे आपल्या शेजारच्या बांगलादेशात. पण बोटीच्या पोटात काय असतं ते पाहिलंत, म्हणजे अर्धं अर्थशास्त्र तिथेच कळेल. तांदळाची पोती, मैदा, साखर, डबाबंद मांस, बिस्किटं, स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल-डिझेलची पिंपं, सिमेंट, शाळेच्या वह्या, दवाखान्याची औषधं. जाताना बोट गच्च भरलेली, येताना मात्र बरीचशी मोकळी. ज्या घरात पिशव्या भरून येतात आणि रिकाम्या जातात, त्या घराचा हिशेब कसा असेल, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको.

बरं, बोट पोचली तरी धक्का नाहीच. प्रवाळाच्या खडकाबाहेर खोल समुद्रात ती उभी राहते. खडक फोडून केलेल्या अरुंद वाटेतून गावाचा तराफा येतो, आणि लाटेचा अंदाज घेत माणसं, पोती, पिंपं एकेक करून खाली घेतली जातात. गावातले धडधाकट पुरुष या कामाला हजर असतात. त्यांच्या गटाला 'आउमागा' म्हणतात. मासे पकडणं, घरं बांधणं, बोट उतरवणं ही सगळी गावकामं त्यांच्याकडे.

खडकावरचा संसार

गावात पाऊल टाकलंत की पहिली गोष्ट लक्षात येईल ती म्हणजे दाटी. सगळी जमीनच एवढीशी, आणि वस्ती तिच्यातल्याही एका-दोन तुकड्यांवर. बाकीच्या पट्ट्या माडांसाठी. सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम पाचएक मीटर. म्हणजे आपल्या दुमजली घराच्या गच्चीवरून आख्खा देश खाली दिसेल!

माती अशी नाहीच. आहे तो प्रवाळाचा चुरा आणि वाळू. त्यात भात नाही, गहू नाही, डाळ नाही. खड्डे खणून, त्यांत वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजवून 'पुलाका' नावाचा अळकुडीच्या जातीचा कंद लावतात. नीरफणसाची झाडं आहेत, केळी-पपया आहेत, केवड्याच्या जातीची झाडं आहेत. आणि माड आहेत. माडाचं काय सांगावं! शहाळं प्यायला, खोबरं खायला, दूध कालवणाला, करवंट्या जळणाला, झावळ्या टोपल्यांना. पोयीतून उतरवलेल्या गोड रसाला ते 'कालेवे' म्हणतात. आपल्या नीरेची सख्खी बहीणच. ती आटवून घट्ट काकवीही करतात.

विहीर नाही, नदी नाही. घराच्या छपरावर पडेल तो पाऊस पन्हळीतून टाकीत, आणि टाकीतून घागरीत. २०११ सालच्या ऑक्टोबरात महिनोन्‌महिने पाऊस झाला नव्हता. तिन्ही बेटांवर आठवडाभर तरी पिण्याचं पाणी पुरेल की नाही, अशी वेळ आली. शेवटी आणीबाणी जाहीर झाली, आणि न्यूझीलंडने व अमेरिकेच्या तटरक्षक दलाने बोटीने पाणी आणून पोचवलं. चहूकडे हजारो मैल पाणी, आणि हंडा कोरडा! नळाला पाणी नसलेल्या दिवसांत आपण काय काय करतो ते आठवा, म्हणजे तिथल्या बायकांचे ते आठवडे कसे गेले असतील ते कळेल.

इनाती

आता मुख्य गोष्ट. तिथे एक शब्द आहे, 'इनाती'. अर्थ सोपा: वाटा.

गावाने मिळून मासेमारी केली की सगळे मासे एका जागी आणून ओततात. वाटणी करणारी जाणती माणसं नेमलेली असतात. गावातल्या कुटुंबांचे गट पाडलेले असतात, आणि प्रत्येक गटात माणसं किती, हे त्यांना पाठ असतं. माणसं म्हणजे सगळी. काल जन्मलेलं बाळ एक, अंथरुणाला खिळलेली आजी एक, मासेमारीला गेलेला जवान गडीही एकच. समुद्रावर कोण गेलं, कुणाच्या गळाला किती लागले, हे विचारायचंच नाही. ढीग घातले जातात ते माणसं मोजून, आणि मग ज्याचा त्याने आपल्या गटाचा वाटा उचलायचा.

एवढंच नव्हे, काही मोठ्या जिवांना, जसं कासव आणि भाल्यासारख्या तोंडाचा मोठा मासा, एकट्याने घरी नेता येत नाही. एकट्याने पकडला तरी तो गावाचा. गावात आणायचा आणि इनातीत घालायचा.

आपल्याकडे म्हणतात ना, वाढपी ओळखीचा असला म्हणजे पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं! इथे वाढपी सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. म्हातारी विधवा, नवरा परगावी असलेली बाई, आजारी माणूस, कुणालाही हात पसरावा लागत नाही. विम्याचा हप्ता नाही, निवृत्तिवेतनाचा कागद नाही. वाटा हाच विमा.

आता तुम्ही विचाराल, यात बायका कुठे? तर ऐका. गावाची वाटणी पुरुष करतात, पण कुळाची वाटणी बाईच्या हातात. टोकेलाऊच्या जुन्या समजुतीप्रमाणे बाईने राहायचं आणि पुरुषाने जायचं. पुरुष समुद्रावर जातो, माडावर चढतो, जे मिळेल ते आणून बहिणीच्या किंवा कुळातल्या थोरल्या बाईच्या पुढे ठेवतो. ती घरात बसून सगळ्यांना पुरवते. घर बाईचं. म्हणून लग्न झालं की सासरी जातो तो मुलगा! बायकोच्या घरी तो राहायला जातो, पण आपल्या बहिणींशी असलेलं कर्तव्य काही सुटत नाही. कुळातल्या या वाटणाऱ्या बाईला 'फातुपाएपाए' म्हणतात, म्हणजे घराच्या चौथऱ्याचा दगड म्हणा ना. आज गावोगावच्या महिला समितीचं नावही तेच आहे. गावाची स्वच्छता, पाहुण्यांची सरबराई, चटया, टोप्या, पंखे यांचं विणकाम, ही सारी समितीची कामं. केवड्याच्या पातीच्या त्या बारीक विणीच्या चटया लग्नात द्यायच्या, आणि परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडे पाठवायच्या.

वाचायला हे फार गोड वाटतं. पण या रीतीमागे गोडवा कमी आणि गरज जास्त, हे विसरू नका. उष्ण हवेत मासा उद्यापर्यंत टिकत नाही. आज मी तुला दिला, उद्या तू मला देशील. शेजाऱ्याचं पोट हेच ज्याचं त्याचं फडताळ! आणि नेमकी इथेच पुढच्या गोष्टीची सुरुवात आहे.

रोख पैसा आला

एकोणिसाव्या शतकापासून बेटावर पैसा यायचा तो सुक्या खोबऱ्याचा. माडाचं खोबरं वाळवून पोती भरायची, बोट आली की विकायची, आणि कापड, रॉकेल, साखर घ्यायची. बाहेरच्या बोटींनी नुसता व्यापारच आणला असंही नाही. १८६३ साली पेरू देशाकडची गुलामांचा व्यापार करणारी जहाजं इथे आली, आणि अडीचशेच्या आसपास माणसं उचलून घेऊन गेली. त्या वेळच्या वस्तीचा हा जवळजवळ अर्धा भाग होता, आणि त्यांत बहुतेक धडधाकट पुरुष. गेलेले जवळजवळ कुणीच परत आले नाहीत. मागे राहिल्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बेट पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्यावर.

त्यानंतर मोठी पांगापांग झाली ती १९६६ साली. त्या वर्षीच्या वादळाने माडांची आणि घरांची धूळधाण केली. एवढ्याशा जमिनीवर माणसं जास्त झाली आहेत, असं ठरवून न्यूझीलंड सरकारने काही कुटुंबांना तिकडे नेऊन वसवण्याची योजना काढली. १९७६ पर्यंत ती चालली आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. कुणी कारखान्यात लागलं, कुणी रुग्णालयात. मग त्यांच्या मागे भाऊ गेले, बहिणी गेल्या. आज न्यूझीलंडमध्ये आपण टोकेलाऊचे म्हणवणारी माणसं आठ हजारांहून जास्त आहेत. वेलिंग्टनजवळच्या हट खोऱ्यात आणि पोरिरुआत त्यांची मोठी वस्ती आहे. घरी उरले दीड हजार!

त्याच सुमाराला बेटांवर पगारी नोकऱ्या वाढू लागल्या. शिक्षक, परिचारिका, कारकून, बांधकामावरची माणसं. खोबऱ्याची पोती हळूहळू मागे पडली आणि महिन्याचा पगार पुढे आला. आता गंमत पाहा. मासा उन्हात खराब होतो, म्हणून वाटावा लागतो. नोट खराब होत नाही. मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत किनाऱ्यावर पडतो, पगार पाकिटात येतो. एका घरात दोन पगार, शेजारच्या घरात एकही नाही, असं पहिल्यांदाच घडू लागलं. त्यात डीप फ्रीझर आला! आता आजचा मासा पुढच्या महिन्यातही खाता येतो. सोय फार मोठी, नाकारण्याचं कारणच नाही. पण ज्या गरजेवर इनाती उभी होती तिच्या पायातली एक वीट त्या थंडगार पेटीने काढून घेतली.

गावकऱ्यांनी मात्र डोकं चालवलं. पैसाही शक्य तेवढा इनातीच्या वाटेने न्यायचा. गावकामावर जाणाऱ्या आउमागाला पंचायतीने मोबदला द्यायचा, म्हणजे ज्याला नोकरी नाही त्याच्याही घरात पैसा जाईल. २००४ साली तर कारभाराचे पुष्कळसे अधिकार तिन्ही गावांच्या पंचायतींकडे आले. शाळा, दवाखाना, बांधकाम, सगळ्यांचा खर्च गावाने ठरवायचा. मासा गेला तरी वाटणारे हात राहावेत, एवढाच त्यामागचा हेतू.

जमा

आता घरखर्चाची वही उघडू या. जमेच्या पानावर दोन मोठ्या रकमा. पहिली न्यूझीलंडची. शाळा, आरोग्य, बोट, कर्मचाऱ्यांचे पगार यांसाठी ते सरकार दरवर्षी मदत देतं. दुसरी रक्कम समुद्राची. जमीन १०-१२ चौरस किलोमीटर असली तरी भोवतालच्या समुद्रावरचा हक्क ३ लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षा हा समुद्र मोठा! त्यातून ट्यूना मासा, म्हणजे आपला कुपा, झुंडीने फिरतो. परदेशी जहाजांना तो पकडायचा असेल तर दिवसाच्या हिशेबाने परवाने विकत घ्यावे लागतात. प्रशांत महासागरातल्या काही लहान देशांनी एकजुटीने ही पद्धत सुरू केली, आणि टोकेलाऊही तिच्यात सामील झालं. एकेका जहाजाच्या एका दिवसाचा किमान भाव ८,००० अमेरिकन डॉलर ठरवला. एकट्या बाईने भाव केला तर भाजीवाला ऐकत नाही, सगळ्या आळीने मिळून केला तर ऐकतो, तशातलाच प्रकार. पण मासा काही कुणाचा बांधील नाही. समुद्राचं पाणी तापलं, प्रवाह बदलले की तो दुसरीकडे जातो, आणि वहीतला आकडाही त्याच्यामागून जातो.

बाकीच्या रकमा लहान, पण मजेदार. १९४८ पासून टोकेलाऊ आपली टपालाची तिकिटं काढतं. १९७८ पासून नाणीही निघाली. गावच्या दुकानात ती फार कुणी वापरत नाही, गिऱ्हाईक म्हणजे जगभरचे शौकीन संग्राहक.

आणि एक कमाई तर हवेतली! इंटरनेटवरच्या पत्त्याच्या शेवटी देशाची दोन अक्षरं असतात, जशी भारताची 'आय-एन', तशी टोकेलाऊची 'टी-के'. ज्या बेटांवर टेलिफोनच १९९७ साली पोचला, त्यांच्या या दोन अक्षरांचं मोल एका डच व्यापाऱ्याने ओळखलं. त्याच्या कंपनीने पत्ते फुकट वाटले आणि जाहिरातींतून पैसा केला. त्यातला काही हिस्सा बेटांना मिळू लागला. एका काळी दोन कोटींहून अधिक पत्ते टोकेलाऊच्या नावाचे झाले. फुकट म्हटल्यावर चोरही आले. लुबाडणुकीसाठी हे पत्ते सर्रास वापरले जाऊ लागले. अखेर २०२३ साली एका बड्या अमेरिकन कंपनीने त्या डच कंपनीला कोर्टात खेचलं, आणि नवे पत्ते देणं थांबलं. आपल्या दारावरची पाटी दुसऱ्याच्या हातात दिली की काय होतं, ते या गोष्टीवरून शिकावं!

खर्च

खर्चाच्या पानावर सर्वांत जड आकडा असायचा डिझेलचा. वीज त्याच्यावर, आणि डिझेल येणार बोटीने. समुद्र खवळला, बोट लांबली की अंधार. २०१२ साली न्यूझीलंडच्या पैशाने तिन्ही बेटांवर सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या ४,०३२ तावदानांची उभारणी झाली. तोवर डिझेलवर वर्षाला लाखो डॉलर जात. त्या वर्षी टोकेलाऊची जवळजवळ सगळी वीज उन्हातून येऊ लागली, तेव्हा जगभर नाव झालं. पुढे घरोघर फ्रीझर वाढले, विजेची मागणी वाढली, आणि ढगाळ दिवसांसाठी डिझेलची जोडही लागली. गॅसची बचत करावी आणि तेवढ्यात पाहुणे वाढावे, तसंच हे. पण पूर्वीचा भार पुष्कळ उतरला, हे खरं.

२०२२ साली समुद्राखालून तारही आली. आता वेलिंग्टनमधल्या लेकीचा चेहरा नुकुनोनुच्या आईला रोज पाहता येतो.

ताटातला बदल

एक खर्च मात्र वहीत दिसत नाही, तो शरीरावर लिहिला जातो. डॉ. इयान प्रायर या न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी १९६८ पासून टोकेलाऊच्या माणसांचा अनेक वर्षं अभ्यास केला. बेटावर राहिलेले आणि न्यूझीलंडला गेलेले, असे दोन्ही लोक त्यांनी तपासले. बेटावरच्या जेवणात निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातून यायचे, रक्तातलं कोलेस्टेरॉलही कमी नव्हतं, तरी हृदयविकार क्वचितच आढळला. जोडीला मासा होता, कंद होते, साखर फारशी नव्हती, आणि दिवसभर अंगमेहनत होती. न्यूझीलंडला गेलेल्यांचं वजन वाढलं, रक्तदाब वाढला, मधुमेह वाढला. यावरून उद्यापासून ताटभर खोबरं खायला घ्या, असं मुळीच नाही हं! एका जेवणामागे सगळं जगणं उभं असतं, इतकंच.

पुढे ते बदललेलं ताट बोटीत बसून बेटावरही आलं. तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद मांस. आज मधुमेहाचं प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त आहे, अशा प्रदेशांत टोकेलाऊचं नाव घेतलं जातं. रोख पैशाने जे विकत घेता येतं ते दुकानात असतं. कालेवे काढायला माडावर चढावं लागतं, आणि पुलाक्याचा खड्डा रोज राखावा लागतो. या दोहोंतली निवड शेवटी स्वयंपाकघरातल्या बाईलाच करावी लागते.

सोळा मतं

एवढ्या परावलंबी वहीवर कुणी म्हणेल, यांना स्वातंत्र्याचा विचार तरी सुचेल का? तर तोही झाला. न्यूझीलंडशी नातं ठेवून आपला कारभार आपण करायचा का, यावर २००६ साली मतदान घेतलं. नियम असा की दोन-तृतीयांश मतं हवीत. पडली साठ टक्के. २००७ साली पुन्हा मतदान. या खेपेला ६४ टक्के. कमी पडली ती फक्त सोळा मतं. आपल्याकडे चाळीच्या निवडणुकीत एवढा फरक पडतो!

कारणं अनेक सांगतात. पण घर चालवणारी बाई म्हणून विचार केला तर सोळा मतांची धाकधूक मला समजते. मुलगा वेलिंग्टनला शिकतो, बहिणीचं घर तिकडे आहे, आजारपणात तिकडेच जायचं आहे. पासपोर्ट, दवाखाना, बोट, सगळ्यांचा धागा तिथे बांधलेला. 'काही बदलणार नाही' असं सांगितलं तरी मन धजत नाही. एकत्र कुटुंबातून वेगळं व्हायचं म्हटलं की आपलं तरी काय होतं? स्वाभिमान एकीकडे ओढतो, आणि धान्याचा डबा दुसरीकडे.

शिवाय समुद्र आहेच. १९९० आणि २००५ सालच्या वादळांत लाटा गावात शिरल्या. कडेने दगडी भिंती बांधल्या आहेत, पण पाण्याची पातळी वाढतेच आहे. टोकेलाऊच्या माणसांनी जगाच्या धुरात घातलेली भर नगण्य, आणि जायची वेळ आली तर आधी जाणार ते त्यांचं अंगण. हा वाटा मात्र कुणी माणसं मोजून घातलेला नाही.

टोकेलाऊच्या बोधचिन्हावर एक लाकडी पेटी आहे. तिला 'तुलुमा' म्हणतात. कानावा नावाच्या झाडाच्या लाकडातून कोरलेली, घट्ट झाकणाची. कोळी समुद्रावर जाताना तिच्यात गळ, दोरी अशा भिजू न देण्याच्या वस्तू ठेवतो. होडी उलटली तरी पेटी तरंगते आणि आतलं कोरडं राहतं. सोनं नाही, तलवार नाही, सिंह नाही. त्यांनी निशाण म्हणून निवडली ती जपून ठेवायची पेटी.

मैत्रिणींनो, तीन बेटांची ही वही आपल्या वहीपेक्षा फार वेगळी नाही. बाहेरून येणारा पैसा आपल्या हातात नसतो. बोट कधी येईल, मासा कुठे जाईल, पाऊस पडेल का, हेही नसतं. हातात असते ती वाटणी. येत्या पहिल्या तारखेला जमा-खर्च मांडाल, तेव्हा घरातली माणसं एकदा मोजून पाहा. ज्याने मिळवलं त्याचा वाटा आपण कधी विसरत नाही. पण जिने रांधलं तिचा वाटा कुठल्या ओळीत लिहिला आहे? नसेल लिहिला, तर या महिन्यापासून लिहायला घ्या.